पत्र्याचा बास

ज्यांच्या घरी कुत्रा असतो त्यांच्याकडे कुत्र्याचे किस्से असतात. ज्यांच्याकडे जुनी गाडी असते त्यांच्याकडे गाडीचे. हे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, घराच्या कोपऱ्यात जाळं धरावं तसे ते आपोआप धरतात. माझ्या घरी गेली चौदा वर्षं पत्र्याचा डबल बास आहे. आता बोला!

डबल बास म्हणजे काय, हे अमरावतीत मला दर वेळी सांगावं लागतं. व्हायोलिनचा आजोबा समजा. माणसाहून उंच, चार जाड तारा, उभ्यानं वाजवायचा. बोटांनी तारा खेचायच्या, नाहीतर गज फिरवायचा. तो लाकडाचा असतो. माझा मात्र अ‍ॅल्युमिनियमचा आहे. जुन्या काळी परदेशात असे थोडेफार बनवले म्हणतात, म्हणजे हवेनं लाकूड फुगायला नको की तडकायला नको. वरून लाकडाचा रंग दिलाय, लाकडाच्या रेषासुद्धा ब्रशनं काढल्यात. लांबून कोणी ओळखत नाही. हात लावला की लोक चटकन हात मागे घेतात. गार लागतो. आमच्याकडच्या मे महिन्यातसुद्धा, जेव्हा नळाच्या पाण्यानं चटका बसतो!

मी शाळेत चित्रकला शिकवतो. सुट्टीच्या दिवशी आमच्या ऑर्केस्ट्रात हा बास वाजवतो. गाते मंदाताई, कीबोर्डवर तिचा नवरा प्रमोद, ढोलकवाला जो मिळेल तो. लोक विचारतात, "सर, कीबोर्डवर बास वाजते ना, मंग हे धूड काहून?" त्यांना काय सांगणार? धूड सोडायला मी तयार आहे. धुडाचं मला माहीत नाही.

*

बास मिळाला तो अकोल्याला, जुन्या शहरात. मोर्णा नदीच्या पलीकडे एका गल्लीत एका बँडमास्तरांच्या पत्नी राहायच्या. मास्तर जाऊन दोन वर्षं झाली होती. आजींनी पलंगाखालून बास ओढून काढला. मी म्हटलं, "आजी, हा उभा ठेवायचा असतो. आडवा का ठेवला?"

"उभा असला की पाहुन्यायले वाटे घरात मानूस हाय."

"मग काय झालं?"

"मंग थे त्याच्याशी बोलत."

मी हसलो. आजी हसल्या नाहीत. "आन् एकदा का बोलाले लागले," त्या म्हणाल्या, "का लवकर उठत नसत."

*

बास अमरावतीला आणायला जीप केली. टपावर दोरीनं बांधला आणि रंग खरचटू नये म्हणून आजींनी दिलेली पांढरी चादर वरून गुंडाळली. चूक तिथंच झाली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीवरचे लोक एकेक करून उठले. रेडिओ बंद झाला. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हात जोडले. मी जीपच्या आत होतो, लाजेनं खाली उतरलोच नाही. म्हातारा ड्रायव्हरजवळ आला आणि हळूच विचारता झाला, "कोन गेलं बाप्पा?"

ड्रायव्हरनं तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. शांतपणे म्हणाला, "थे अजून त्यानं सांगतलं नाई."



*

पत्र्याच्या बासची देखभाल लाकडाच्या बासपेक्षा सोपी. गाडीचं पॉलिश लावा, तारा पुसा, घोडी सरळ आहे का बघा. घोडी म्हणजे तारांखालचं ते लाकडी टेकण. सांधा कुरकुरला तर कार रंगवणारे वापरतात ती लांबी भरा. बस्स.

एक गोष्ट मात्र आहे. पत्रा आजूबाजूचा आवाज धरतो. मिक्सर लावला की हा आत घुमतो. बुलेट गेली की घुमतो. हे मी रेखाला, म्हणजे बायकोला, पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं.

एका दुपारी शाळेत तिचा फोन आला. "अहो, घरात कोनी तरी गुनगुनून राह्यलं."

"अगं, तो बास. पंख्याचा आवाज धरतो. पंखा बंद कर, थांबेल."

मी फोन कानाला घट्ट धरला. नीट ऐकलं तर मलाही ते ऐकू येत होतं, अगदी खालच्या पट्टीत.

मग रेखा म्हणाली, "लाइट सकाळपासून नाई."

त्या दिवशी ती मी येईपर्यंत शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून होती. घरात आल्यावर तिनं बासकडे पाहून एवढंच म्हटलं, "गुनगुनायचं त निदान वळखीचं गुनगुनावं मानसानं!"

*

आता युसूफभाईंचा किस्सा. अकोल्यात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा त्यांच्यासारखा हात नाही. ठोकलेली मोटार ते अशी सरळ करतात की मालकाला आपली गाडी ओळखू येत नाही. तीस वर्षं हातोडी मारून कान अर्धे गेलेत. बोटांनी बघतात. पत्र्यावर बोटं फिरवून सांगतात, झाडाला धडकली की म्हशीला.

बासच्या पाठीवर तीन-चार उंचवटे होते. वरचा रंग काढून ते सपाट करावेत म्हणून मी बास त्यांच्याकडे नेला. म्हटलं, कुणीतरी ठोकलाय, बघा जरा.

युसूफभाईंनी डोळे मिटले आणि तळवा फिरवायला सुरुवात केली. वरून खाली, खालून वर. एका जागी थांबले. पुन्हा फिरवला. मग उठून हात धुऊन आले आणि पुन्हा फिरवला.

"सर, इसको किसने ठोका?"

"मला काय माहीत? जुना आहे."

"नाई, मतलब कुठून ठोकलं?" त्यांनी माझा हात धरून त्या उंचवट्यावर ठेवला. "पोचा असा आत जाते. हा बाहेर आला. हा अंदरून बसला हाय."

बासच्या पोटाला दोन बारीक फटी असतात, आवाज बाहेर यायला. त्यातून माझी दोन बोटं जातात. हातोडी सोडा, मूठ जाणार नाही. पाठ कधी उघडलेली नव्हती, सगळे सांधे जुनेच.

मी म्हटलं, "मग सपाट करता का?"

युसूफभाईंनी हातोडी खोक्यात ठेवली, खोकं बंद केलं आणि म्हणाले, "बाहर से मैं मारूं, अंदर से वो मारे... हे काम कधी संपन सर?"

*

बासची एक तार उतरायची. सगळ्यात जाड, सगळ्यात खालच्या सुराची. रविवारी लावली की पुढच्या रविवारी सैल. खुंटीला दातेरी चाक असतं, ते सहज फिरत नाही. मी तार बदलली, चाक बदललं, खुंटीला खडू लावला. पुन्हा तेच. मोबाइलवर सूर तपासला तर दर वेळी ती उतरून एकाच सुरावर थांबायची. काळी एकवर, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

मंदाताई तालमीला आली होती, तिला दाखवलं. ती डोळे मिटून त्या सुरात थोडी गुणगुणली आणि थांबली.

"दादा, हा सूर बाईचा नाई."

"बाईचा कशाला असेल? बासचा आहे."

"पुरुषाचा हाय. वय झालेला मानूस. तुमी म्हनता तार उतरते. तार कायची उतरते? तुमी त्याले वर ओढता आन् तो आपल्या पट्टीत जाऊन बसते!"

प्रमोद म्हणाला, "मंदे, चहा घे."

पण त्या दिवसापासून मी ती तार काळी एकलाच लावतो आणि बाकीचं त्या हिशेबानं बसवून घेतो. नऊ वर्षं झाली. एकदाही उतरली नाही.

*

पुण्याचे एक गृहस्थ जुनी वाद्यं घेतात. कुठूनतरी कळलं आणि आले. उंची कपडे, भाषा स्वच्छ. बासभोवती तीन चकरा मारल्या, खिशातून भिंग काढून सांधे पाहिले, "अतिशय दुर्मीळ!" म्हणाले. रेखा आतून मला खुणा करत होती, देऊन टाका, देऊन टाका.

मग त्यांनी बासच्या पाठीला कान लावला. मी समोर उभा. एक मिनिट झालं, दोन झाली. गृहस्थांचा चेहरा हळूहळू, कसं सांगू, धुतल्यासारखा होत गेला. कान काढला. रुमालानं पुसला. दारात जाऊन चपला घालायला लागले.

रेखा म्हणाली, "अहो, चहा तरी घ्या!"

"नको नको. गाडी आहे माझी."

गाडी संध्याकाळची होती. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते!

आठवड्यानं त्यांचा फोन आला. बासचं नाव काढलं नाही. इकडचं तिकडचं बोलले, आणि ठेवता ठेवता म्हणाले, "एक सांगू? रोज थोडा वेळ वाजवत चला."

म्हटलं, "वाद्य चांगलं राहतं म्हणून?"

"नाही. वाजवत असलं की ते ऐकू येत नाही."

*

मोझरीजवळच्या एका गावात कार्यक्रम होता. तिथं दिवेलागणीला सगळं गाव प्रार्थनेला बसतं. त्यानंतर आमची भजनं. आम्ही वाद्यं मांडून बाजूला बसलो. प्रार्थनेनंतर दोन मिनिटं मौन. चारशे माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

आणि बास घुमायला लागला.

हळूच उठलो, चारही तारांवर आडवा हात दाबून धरला. तारा गप्प. तळव्याखाली मला कळत होतं ना, एकही तार हलत नव्हती. आवाज चालूच! मी बासला मिठी मारून उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, सरांना भक्तीचं भरतं आलं.

मौन संपलं, आवाजही संपला. पुढच्या रांगेतले एक म्हातारे बाबा माझ्याकडे आले. मी म्हटलं, "बाबा, माफ करा, मौन मोडलं."

"कोनं मोडलं?" बाबा म्हणाले. "तुमी त गप उभे होते. त्याची प्रार्थना उशिरा सरली, एवढंच."

*

शेवटचा किस्सा मी फार लोकांना सांगत नाही. रेखाला आवडत नाही.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याला एका शाळेचा कार्यक्रम होता, रविवारी सकाळी. बास आणि बाकीचं सामान प्रमोद आदल्या दिवशीच टेम्पोनं घेऊन गेला. मी आणि रेखा सकाळी कारनं निघालो. गाडी तीच चालवते. बडनेरा ओलांडलं आणि माझ्या छातीत कळ आली. आधी वाटलं गॅसेस. मग डावा हात जड झाला. रेखानं माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि गाडी वळवली.

अमरावतीच्या दवाखान्यात मला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा मी मंदाताईला फोन लावायला सांगितला. ती रडायलाच लागली. "दादा, आमी कार्यक्रम रद्द करतो, निघतो."

मी म्हटलं, "पोरं वाट पाहत असतील. बासशिवाय भागवा." त्यानंतर मला आठवत नाही.

पुढचं रेखा सांगते. ती बाहेरच्या बाकड्यावर बसली होती. माझं घड्याळ आणि अंगठी तिच्या मुठीत. बाराच्या आधी डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, "ताई, साडेअकराच्या सुमाराला नाडी बंद पडली होती. चार-पाच मिनिटं काहीच नव्हतं. आता आली आहे." रेखानं विचारलं, "आता आली ना? नक्की?" डॉक्टर हो म्हणाले, तरी तिनं मूठ संध्याकाळपर्यंत उघडली नाही. अंगठीचा वळ आठवडाभर तळव्यावर होता.

पंधरा दिवसांनी मंदाताई आणि प्रमोद भेटायला आले. पिशवीभर संत्री आणलेली. मंदाताई एरवी उंबऱ्यापासून बोलायला लागते. त्या दिवशी संत्रं सोलत बसली, खाल्लं नाही.

शेवटी प्रमोद म्हणाला, "दाखव आता."

शाळेच्या लोकांनी कार्यक्रमाचा व्हिडिओ काढला होता. मंदाताईनं मोबाइल माझ्यासमोर धरला. स्टेज, मध्ये मंदाताई, बाजूला प्रमोद आणि ढोलकवाला. कोपऱ्यात स्टँडवर माझा बास, काळं कव्हर चढवलेला, चेन गळ्यापर्यंत बंद. तिसरं गाणं सुरू होतं, आमचं नेहमीचं भक्तिगीत. आणि पहिल्या कडव्यापासून खाली बास वाजत होता. घुमणं नव्हे. एकेक सूर, ठेक्यात.

मी म्हटलं, "प्रमोद, डाव्या हातानं बास छान धरलास."

प्रमोदनं दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "सर, पाहा ना व्हिडिओत. माये दोनी हात वरच्या पट्ट्यायवरच हायेत."

खरंच वर होते.

"लोकं इचारून राह्यले होते," तो म्हणाला, "बासवाले सर पडद्यामांगं काहून बसले?"

रेखा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "हे गानं किती वाजता झालं?"

"दहाले सुरू होनार होतं, उशीर झाला," मंदाताई म्हणाली. "साडेअकरा झाले असतीन. काहून वहिनी?"

रेखा येऊन माझ्याजवळ बसली आणि माझं मनगट हातात धरलं, नाडीवर बोटं ठेवून.

गाणं पुढं गेलं. दुसरं कडवं आलं. या कडव्यात मी गेली अकरा वर्षं एक चूक करतो. पंचमावर एक मात्रा आधी जातो. मंदाताई दर कार्यक्रमानंतर मला त्यावरून बोलते, मी दर वेळी कबूल करतो आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच होतं.

व्हिडिओतला बास पंचमावर गेला. एक मात्रा आधी.

मंदाताईनं व्हिडिओ थांबवला. मग ती माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाली, "चूक त तुमचीच हाय, दादा."