महिपतीचं ओ पॉझिटिव्ह रक्त

पेणजवळच्या गडब गावचा महिपती रोह्याच्या एका कंपनीतून निवृत्त झाला. तीस वर्षं शिफ्ट करून शिकला काय, तर सगळ्यांना अक्कल शिकवणं. कंपनीच्या रक्तदान शिबिरात त्याचा गट ‘ओ’ निघाला होता. पुढे कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवला की ओ गटाची माणसं उशिरा म्हातारी होतात, त्यांना हार्टचा त्रास होत नाय. झालं! जणू स्वतःच्या कष्टानं कमावल्यासारखा तो रक्तगट मिरवायला लागला.

चहाच्या टपरीवर बसून तो आम्हा गाववाल्यांना गट विचारायचा आणि बिनदिक्कत आमचं आयुष्य ठरवायचा. सरकारी दवाखान्याची आशा सेविका वैशाली घरी प्रेशर तपासायला आली, तर तिलाच म्हणाला, “तुझा ए ना गो? पन्नाशीत गुडघे धरून बसशील.”

“काका, तुमचं प्रेशर एकशे ऐंशी हाय. गोळ्या घेताव ना?”

“ओ गटाला कसल्या गोळ्या?”

गोळ्या त्यानं महिन्यापूर्वीच उकिरड्यावर फेकल्या होत्या. तंबाखू मात्र चालू. बायको शकू बोलली की म्हणायचा, “तू बी गटाची, तुला काय कळतंय?”

माघात पेणच्या बाजारात पोहे घेताना महिपती पिशवीसकट खाली बसला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “प्रेशरची गोळी कधी बंद केली?”

शकूनं मान खाली घालून व्हिडिओचं सांगितलं.

बाई चिडल्या. “रक्तगटानं फरक पडतो, पण जरासा. ओ असला म्हणून प्रेशर आणि तंबाखू सोडतात होय कुणाला?”

जीव वाचला, हात गेला. बोलणं जड झालं, तरी ऐट जाईना. भेटायला आलेल्यांना तोंडातून लाळ गळत असताना सांगायचा, “ओ… होता… म्हणून… वाचलो.” लोक माना डोलवायचे आणि अंगणात जाऊन हसायचे. मीही हसलो. त्याच्यासाठी वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला, जमला नाही.

वाईट वाटलं ते शकूचं. आता ती सकाळी त्याला आंघोळ घालते, भरवते, जिभेवर गोळी ठेवते. गिळली का ते तोंड उघडायला लावून बघते. मग डोक्याला फडकं गुंडाळून वाल उपटायला शेतावर जाते.