पोलंडच्या हेलेनाबाई

गुऱ्हाळावरून ताज्या गुळाचा वास आला की मला हेलेनाबाई आठवतात.

दुसऱ्या महायुद्धात रशियातल्या बर्फाळ छावण्यांतून सुटलेली पोलंडची कितीतरी कुटुंबं कोल्हापूरजवळ वळिवड्याला येऊन राहिली होती. हेलेनाबाई त्यांतल्याच एक. इथून गेल्या तेव्हा शाळकरी पोर होत्या. नव्वदच्या दशकात, साठी उलटल्यावर, मुलीला घेऊन त्या ती जागा बघायला आल्या आणि आमच्या मळ्यातल्या गुऱ्हाळावर थोडा वेळ टेकल्या. मी तेव्हा कॉलेजात होते.

आईनं त्यांच्या हातावर ऊन ऊन गुळाचा खडा ठेवला. तो तसाच धरून त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, "रशियात लहान भाऊ आजारी. आई म्हणाली, हा पाव त्याला दे. मी खाल्ला. भाऊ मेला. मग इथं आले, रोज पोटभर जेवले."

आई त्यांच्याजवळ सरकली. "तुमी बी लेकरूच हुता की, बाई."

"लेकरू. पण मला कळत होतं."

त्यांची मुलगी गोंधळून बघत होती. तिनं मला इंग्रजीत विचारलं, "आई काय सांगतेय?" हेलेनाबाईंनी माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली. "लहानपणीचं काहीतरी," मी म्हटलं.

तेव्हा मला वाटलं होतं, माझ्या आईला समजावं म्हणून बाई मराठीत बोलल्या. आता माझीही मुलगी मोठी झाली आहे, आणि वाटतं, त्यांच्या मुलीला समजू नये म्हणूनच बोलल्या असतील.