माशांसाठी बल्ब

गोटीराम मूळचा मखमलाबादचा, मळेकऱ्यांच्या घरातला. भाऊ झेंडू-शेवंती करत, पहाटे फुलांचे भारे बाजारात नेत. गोटीरामचं मन मात्र मातीत कधी रमलं नाही. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि सिडकोत दोन खोल्यांच्या घरात बिऱ्हाड केलं. माणूस अबोल. लग्नाकार्यात पंगतीच्या टोकाला बसायचा, जेवायचा आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत निघायचा. घरातलं बोलणं सगळं उज्वलाचं, त्याच्या बायकोचं. तो नुसता हुंकार भरायचा, आणि दोघांचं त्यावर छान चाललं होतं.

शहाण्णव साली उज्वला पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. एकुलती एक मुलगी दीपमाला लग्न होऊन वणीला गेलेली. गोटीराम कामावर गेला की उज्वला दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहायची. म्हणून त्यानं एक काचेची टाकी आणली, तिच्या पायाशी स्टुलावर मांडली आणि त्यात गोल्डफिश सोडले. उज्वलाला माशांचा असा लळा लागला की ती त्यांच्याशी सासूच्या तक्रारीसुद्धा बोलायची. एकच कुरकुर होती.

"अहो, नीट दिसत नाहीत हो. चांगला उजेड करा ना काहीतरी."

त्या उजेडापायी गोटीराम ललितशेठच्या दुकानात जाऊन पोचला. रविवार कारंज्याजवळच्या बोळातलं ते विजेच्या सामानाचं दुकान रविवारी अर्धा दिवस उघडं असायचं. ललितशेठला स्वतःला माशांचा नाद. गल्ल्यामागेच त्याची लांबलचक टाकी होती, आणि तिच्यापुढे तसलेच दोन नादिष्ट दर रविवारी ठाण मांडून बसलेले असत. एक सावळीराम, दिंडोरीचा द्राक्षवाला, बाजाराचं काम उरकून यायचा. दुसरा योगेश, कॉलेजरोडला राहणारा बँकेतला कारकून, वयानं सगळ्यांत लहान आणि तोंडानं सगळ्यांत मोठा.

"माशांच्या टाकीवर लावायला बल्ब पाहिजे," गोटीराम म्हणाला, आणि मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड मारल्यासारखं झालं.

"साठचा पिवळा घ्या," ललितशेठ म्हणाला.

"पिवळा?" योगेश उसळला. "मासे कावीळ झाल्यासारखे दिसतात. भाऊ, तुम्ही शंभरचा लावा. पाणी उकळून मासे आपोआप शिजतील. वर नुसतं तिखट-मीठ टाकायचं."

"ट्यूब लाव ट्यूब," सावळीराम म्हणाला. "गारवा ऱ्हातो."

"आप्पा, तुमची ट्यूब फडफडत लागेपर्यंत मासे झोपून जातात."

"मंग निळा लाव."

"निळा लावला की लग्नाचा मांडव वाटतो. मासे अक्षता मागतील."

ललितशेठनं कपाळाला हात लावला. "गिऱ्हाईक आलंय रे बाबांनो, त्याला घेऊ तरी द्या!" मग एकेक बल्ब लाकडी पाटीवरच्या होल्डरला लावून पेटवून दाखवू लागला. गोटीराम हसत होता. इतकं मोकळं तो केव्हा हसला होता, त्याचं त्यालाच आठवेना. शेवटी साठचा पिवळाच घेऊन घरी गेला आणि उज्वलाला सगळं सांगितलं. अक्षतांवर तिला हसू आवरेना. पाठ दुखते म्हणून एका हातानं बिछाना धरून हसत होती.

"खरंच पिवळे दिसतात हो," बल्ब लागल्यावर ती म्हणाली. "जा पुढच्या रविवारी, बदलून आणा. आणि ते काय काय बोलतात ते नीट ऐकून या."

तेव्हापासून तो दर रविवारी जाऊ लागला. कधी बल्ब बदलायला, कधी होल्डर सैल झाला म्हणून, कधी काहीच नाही म्हणून. परत आला की उज्वलाला सगळं साग्रसंगीत ऐकवायचा. जन्मभर हुंकार भरणारा माणूस आता घरात गोष्टी सांगू लागला होता.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत उज्वला गेली. दिवसपाणी उरकेपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. मग दीपमाला त्याला आग्रहानं वणीला घेऊन गेली. टाकीकडे बघायचं कुणालाच सुचलं नाही. तो परतला, कुलूप उघडलं, तर पाणी गढूळ झालेलं आणि मासे वर तरंगत होते. त्यानं ते अंगणातल्या तुळशीजवळ पुरले, टाकी धुऊन पुसून पुन्हा स्टुलावर ठेवली.

रविवारी तो दुकानात गेला तो हे सांगायलाच. उज्वलाचं त्यांना कळलं होतं. त्याला बघून तिघंही गप्प झाले. ललितशेठनं चहा सांगितला. शेवटी योगेशनं घसा खाकरला. "मासे कसे आहेत, भाऊ?"

गोटीरामनं वर पाहिलं. तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते. मासेही गेले म्हणावं, तर ही शांतता आणखी वाढणार होती.

"बरे आहेत," तो म्हणाला. "पाणी जरा हिरवट दिसतं. बल्ब बदलावा म्हणतो."

"तरी मी सांगत होतो!" योगेश म्हणाला, आणि दुकान पुन्हा बोलू लागलं.

एकदा सुरू झालं ते झालंच. नसलेल्या माशांसाठी तो बल्ब नेत राहिला. कधी दुधी, कधी गुलाबी ट्यूब, आणि पुढे ते वळणावळणाचे नवे सीएफएल निघाले तेही. सीएफएलवर तर महिनाभर तंटा झाला. "ही काय जिलबी आहे का?" सावळीराम म्हणायचा. "मासे येतील की खायला!" गोटीराम घरून येताना बसमध्येच ठरवायचा, आज कुठल्या माशाला काय झालं ते. एका रविवारी बोलता बोलता त्यानं एंजल माशांच्या जोडीनं अंडी घातल्याचं सांगून टाकलं. सावळीराम तर हरखूनच गेला. "गोटू, बघाया येतो मी एक दिस!" गोटीराम हसला खरा, आणि घाईनं ललितशेठला ट्यूबचा भाव विचारू लागला. घरी आल्यावर बोलायला कुणी नव्हतं. आणलेला बल्ब खोक्यासकट तो कोरड्या टाकीत ठेवून द्यायचा.

आणि सावळीराम खरंच आला. ना सांगणं ना सवरणं. एका सुट्टीच्या दुपारी दारात उभा, हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दोन मासे.

"अंडी कुठं हाय रे?" असं म्हणत तो आत आला आणि टाकीपुढे थांबला. टाकीत पाण्याचा थेंब नव्हता. बल्बची खोकी काठापर्यंत रचलेली होती, एकही न फोडलेलं.

गोटीराम दारातच उभा राहिला.

सावळीरामनं टाकीकडे पाहिलं, भिंतीवरच्या उज्वलाच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"कधीपून?" त्यानं विचारलं.

"ती गेली तेव्हापासून."

"लय दिस झाले की रे."

मग त्यानं बादली कुठंय, एवढं विचारलं. दोघांनी खोकी काढून कॉटखाली सरकवली, टाकी भरली, मासे सोडले. चहा न घेताच सावळीराम संध्याकाळच्या गाडीला जायचं म्हणून निघाला. जाताना गोटीरामच्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतर कित्येक रविवार गोटीराम दुकानाकडे फिरकला नाही. सावळीरामनं सगळ्यांना सांगितलं असेल, ते हसले असतील. किंवा हसले नसतील, हळहळले असतील, आणि ते त्याला हसण्यापेक्षा जड वाटत होतं. शेवटी मासे काहीच खाईनात, पाणी गढुळलं, तेव्हा भीती वाटून तो गेला. खरीखुरी अडचण घेऊन इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच.

दुकानाचं शटर खाली होतं. शेजारचा शिंपी म्हणाला, "ललितशेठ मुलाकडे सुरतेला गेले. दुकान विकलं. तुम्हाला माहीत नाही?" योगेशची बदली झालेली होती. सावळीराम दोन-तीनदा येऊन बोळात उभा राहिला आणि परत गेला म्हणे.

गोटीराम मेनरोडच्या मोठ्या झगझगीत दुकानात शिरला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "कुठला देऊ, काका?"

"माशांच्या टाकीसाठी पाहिजे."

"हा घ्या." तिनं एक खोकं पुढं केलं आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. झालं. पेटवूनसुद्धा दाखवला नाही.

बाहेर पीसीओ होता. त्यानं दिंडोरीला फोन लावला. सावळीरामच्या सुनेनं उचलला. मामा बागेत फवारणीला गेलेत, म्हणाली. काय निरोप सांगू?

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या, त्यांच्या आवाजात नीट ऐकूही येत नव्हतं.

"मासे जगलेत अजून, पण खात नाहीत म्हणावं," गोटीराम म्हणाला. "बघायला ये म्हणावं."

"कोण बोलतंय पण?"

त्यानं नाव सांगितलं. तिला ते कळलं नसावं, पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.