थाळी किती वेळ वाजवली?

देवपूरचे नाना डॉक्टर बाळाला हात लावण्याआधी एकच विचारत, "थाळी किती वेळ वाजवली?" खेड्यात मूल जन्मून रडलं नाही की सुईण त्याच्या कानाशी काशाची थाळी वाजवी. ती जितका वेळ वाजली, निदान तितका वेळ मेंदूला श्वास नव्हता, असा नानांचा हिशेब. खरं उत्तर क्वचितच कोणी देई.

आम्हीही दिलं नाही. सोनगीरहून आमची मुलगी आणली तेव्हा माझी आई चिमटीभर माप दाखवत म्हणाली, "उलशी वाजाडी, नाना. जित्ती शे ना?" नाना माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा." मी दोन मिनिटं म्हणालो. दुपारी मुलीला झटके सुरू झाले. सुईतून औषध देऊन, नाकाशी ऑक्सिजनची नळी नीट करून नाना हलक्या आवाजात म्हणाले, "औषध हेच दिलं असतं. पण खरं बोलला असतात, तर तुमची तयारी झाली असती."

मग मी बोललो. चुलीवरचं चहाचं आधण आटून गेलं तरी थाळी वाजत होती. अशा बाळाच्या तोंडाला तोंड लावून हळू फुंकावं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुष जात नाहीत, म्हणून उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"हे बाईंना सांगा," नाना म्हणाले. पोटुशी असताना ग्रहणात आपण विळी हाती घेतली म्हणून असं झालं, असं माझी पत्नी धरून बसली होती.

मुलगी जगली, पण तिची मान कधी सावरली नाही. "बरी होईल ना?" असं विचारलं की नाना म्हणत, "कालच्यापेक्षा?" याहून अधिक आशा त्यांनी कधी दिली नाही. दर पंधरवड्याला ते तिच्या आखडलेल्या मुठी एकेक बोट करून उघडत आणि आईला चिडवत, "आजी, तोंड कमी, हात जास्त चालवा." निघताना मला हळूच विचारत, "सांगितलं का?" मी चपला शोधू लागे.

सहाव्या वर्षी न्यूमोनियानं मुलगी गेली. त्यानंतर दोन वर्षांनी नाना गेले. त्यांना पोचवून आलो त्या संध्याकाळी मी पत्नीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला नाही.

"नानांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मला," ती म्हणाली. "मास्तर आपणहून सांगतील, तोवर विचारू नका, म्हणाले."

सूप बाजूला ठेवून ती उठली.

"ते होते तेव्हा सांगायचं होतं हो."