आमच्या लॅबमधला ईटा

एका खोलीत पाच-सहा माणसं वर्षानुवर्षं एकाच गोष्टीच्या मागं लागली की किस्से आपोआप साठतात. शोधनिबंधात त्यांना जागा नसते. तिथं फक्त आलेख छापतात. त्यामुळं उरलेलं सगळं माझ्याकडं पडून आहे.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमचे इनामदार सर वीस वर्षं एकाच प्रथिनावर काम करतायत. गोष्ट साधी आहे. पेशी एकीच्या दोन होण्याआधी आपल्या डीएनएची नक्कल काढते. ही नक्कल काढणाऱ्या प्रथिनाला म्हणतात पॉलिमरेज. नेहमीचा पॉलिमरेज एकदम काटेकोर. पण उन्हानं डीएनएच्या साखळीतली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटली, की तो तिथं अडून बसतो. मग पेशी दुसऱ्याला बोलावते. हा तेवढा खराब तुकडा पार करून देतो आणि बाजूला होतो. त्याचं नाव पॉलिमरेज ईटा. धडधाकट डीएनए हातात दिला तर मात्र हा चुकांवर चुका करतो!

*

एकदा हा ईटा बाहेरून मागवायचा होता. सरांनी ऑफिसला फोन करून सांगितलं, “पॉलिमरेज ईटा, एक नग. अर्ज टाईप करून ठेवा, मी सही करतो.”

आमचा क्लार्क खेड्यातला. त्याच्या गावात विटेला ईटच म्हणतात. सरांची भाषा त्यानं मोठ्या मनानं शुद्ध केली आणि लिहिलं, ‘पॉलिमरेज विटा’. सरांनी न वाचता सही ठोकली. फाईल गेली बांधकाम विभागाकडं.

आठ दिवसांनी ओव्हरसियर टेप घेऊन दारात! “मॅडम, भिंत कुठली बांधायची हाय?”

मी त्यांना सगळं सांगितलं. फ्रीझरमधली तसलीच एक नळीही दाखवली. नखाएवढी नळी, तळाशी थेंबभर पाणी. त्यांनी ती उजेडाकडं धरून नीट पाहिली.

“एवढ्याशा इटंत,” ते म्हणाले, “तुमी बांधताय तरी काय?”

*

सर एका कॉलेजात व्याख्यानाला गेले होते. ईटा आत कसा येतो, काम झाल्यावर त्याला कसं बाहेर काढतात, हे सांगून झालं. एक मुलगी उठली. “सर, तो पेशीत कायमचा कामाला असतो का?”

“असतो पेशीतच,” सर म्हणाले, “पण काम तात्पुरतं. अडचण आली की बोलवायचं, चार-दोन अक्षरं जोडून घ्यायची, की लगेच बाजूला करायचं.”

मागच्या रांगेत तिथले तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक बसले होते. त्यातला एक मोठ्यानं म्हणाला, “म्हंजे आमच्यातलाच की!”

त्यानंतर पाच मिनिटं व्याख्यान बंद होतं.

*

वैशाली सरांकडं पीएच.डी. करते. घर हुपरीला, वडिलांचा घरातच पैंजणांचा कारखाना. पोरगी चार वर्षं नक्की काय करते, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. एका रविवारी तिनं दोन तास बसून सगळं सांगितलं. वडील हातातलं काम न थांबवता ऐकत होते.

शेवटी म्हणाले, “कळलं. आमच्यात असला एक कारागीर हाय. नक्षी दिली तर वाट लावतोय. पर वाकडी कडी अडकली की त्येच्याबिगर कुणाचं चालत न्हाई.”

वैशाली खूश झाली. म्हणाली, “अगदी बरोबर, बाबा!”

“व्हय?” वडील म्हणाले. “आमी त्येला चार दिवसांत वळखलं. तुला चार वर्षं लागली.”

*

यीस्टमधला ईटा काढून टाकायचा, त्यावर अतिनील किरणांचा मारा करायचा आणि किती पेशी जगतात ते मोजायचं, हा आमचा नेहमीचा प्रयोग. मारा झाल्यावर यीस्टच्या प्लेटा काळ्या डब्यात ठेवाव्या लागतात. कारण यीस्टकडं उजेडावर चालणारं आणखी एक प्रथिन असतं आणि ते चिकटलेली अक्षरं सरळ सोडवूनच टाकतं.

एका आठवड्यात ईटा नसलेलं यीस्ट मरेनाच! ओळीनं तीन वेळा. सर जेवायचे थांबले. आपल्याला नवीनच काहीतरी सापडलंय, या विचारानं त्यांनी दिल्लीतल्या मित्राला फोनसुद्धा केला.

चौथ्या दिवशी आमचे शिपाई महादूमामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, “सर, ती डब्यात कोंडल्याली बघा, मी तुमची पाठ वळली की खिडकीत ठेवतोय. आधीच भाजल्याली, त्यात अंधारात! आता कशी टवटवीत दिसाय लागल्यात.”

सर खाली बसले.

“मामा,” मग म्हणाले, “तुम्ही यीस्टचं भलं केलंत. आता माझं करा.”

*

सुनंदाताई आमच्याकडं आल्या त्या शाहूपुरीतल्या एका त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन. वारणेकडच्या शेतकरी घरातल्या. वय पस्तिशीच्या आत. भर उन्हाळ्यात साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला स्कार्फ, वर छत्री. लहानपणापासून उन्हात गेलं की चेहऱ्यावर डाग. पंचविशीनंतर नाकावर, गालावर गाठी. कॅन्सरच्या. तीन वेळा कापून काढलेल्या. शेवटी रक्त तपासणीला बाहेर पाठवलं तेव्हा कळलं, त्यांच्या शरीरात ईटाच नाही.

ज्याच्यावर आयुष्य घालवलं तो नसलेलं माणूस सरांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी वहीत चित्र काढून सगळं सांगितलं. ईटा नाही म्हणून उन्हानं बिघडलेल्या जागी दुसरे कोणीतरी काम उरकतात, चुका राहतात, त्या साठत जातात.

सुनंदाताईंनी शांतपणे ऐकलं. “म्हंजे बाकी समद्यांच्यात त्यो हाय,” त्या म्हणाल्या, “आणि कुणाला ठावंच न्हाई.”

सर म्हणाले, “नाही.”

“माझ्या पोरीत हाय का?”

मुलगी श्रेया, अकरा वर्षांची, शाळेत धावण्यात पहिली. तुमच्याकडून तिला ईटाच्या जनुकाची एक बिघडलेली प्रत मिळालीच असणार, सर म्हणाले, पण वडिलांकडची चांगली असली की पुरतं. त्यावर सुनंदाताईंनी हळूच सांगितलं, त्यांना आत्याच्याच घरी दिलेली. नवरा सख्खा आतेभाऊ. तीच बिघडलेली प्रत त्याच्याकडंही असू शकत होती.

डॉक्टरीणबाईंनी मुलीचं रक्त तपासणीला पाठवलं. दीड महिना लागला. तेवढे दिवस श्रेयाचं मैदान बंद, अंगणसुद्धा बंद.

मे महिन्यात दोघी आल्या, दोघी सारख्याच गुंडाळलेल्या. सुनंदाताईंनी सरांपुढं पाकीट ठेवलं. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. पर तुमी वाचा.”

सरांनी चष्मा पुसला आणि दोनदा वाचलं. “एक प्रत चांगली आहे,” ते म्हणाले. “हिच्यात ईटा आहे. हिला काही होणार नाही.”

सुनंदाताई उठल्या. पाकीट पिशवीत ठेवलं, पोरीचा हात धरला आणि जिना उतरल्या. पिशवीतली पाण्याची बाटली टेबलावर राहिली म्हणून मी मागनं गेले, सरही आले.

खाली आवार मोकळं, डोक्यावर बाराचं ऊन. सुनंदाताई पोर्चच्या सावलीत थांबल्या. श्रेयाचा स्कार्फ सोडला, वरचा शर्ट काढला आणि पाठीवर हात ठेवून तिला उन्हात ढकललं.

“पळ.”

पोरगी क्षणभर थांबली, मग सुटली. आवाराला एक फेरी, दुसरी, तिसरी. लालबुंद होऊन पोर्चसमोरून जाताना ओरडली, “आई, चटकं बसाय लागल्यात की!”

सुनंदाताईंनी छत्री घट्ट धरली.

“बसू देत,” त्या म्हणाल्या. “आणि एक फेरी मार.”