शेवटचा घास

झोफ्काला आम्ही शिकारी तोंडावर झोफ्का म्हणायचो आणि पाठीमागे कटकट. कटकट सगळ्यात जास्त वेळा मीच म्हटलंय, म्हणून तिच्याविषयी सांगायचं कामही माझंच.

ती शाळेत स्वयंपाक करायची. नवरा वारला तेव्हा मागे ब्रिना राहिली, जखमी जनावराचा माग काढणारी तांबडी कुत्री. "विकून टाक," आम्ही म्हटलं. विकतेय कसली! तिने मागकाढीची परीक्षा दिली आणि नवऱ्याचं काम अंगावर घेतलं. हौसेखातर तिने कधी ससासुद्धा मारला नाही. पण कुणाची गोळी ओझरती लागली की चुलीवरचं भांडं उतरवून निघायची. "मारायची हौस तुमची आणि निस्तरायचं मी," असं म्हणायची. सगळे हसायचे. मीही हसायचो. मी आमच्या शिकार मंडळाचा अध्यक्ष होतो, मला कोण काय बोलणार?

त्या ऑक्टोबरात कोचेव्येच्या रानात मला मोठ्या शिंगांचा हरणाचा नर दिसला. अंतर फार होतं आणि ते मला चांगलं कळत होतं. पण आठवड्यावर साठावा वाढदिवस, भिंतीवर शिंगांसाठी जागा रिकामी, आणि मी हावरट. गोळी झाडली. नर उधळला. जागेवर जाऊन पाहिलं तर रक्ताचा थेंब नाही, गवतात नुसता दाताचा तुकडा.

म्हणजे जबडा फुटला. जबडा फुटलेलं हरीण पळतं, जिवंत राहतं आणि हिरव्या गवतात उभं राहून उपासमारीने मरतं. आठवडा लागतो, कधी जास्तही. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी तुकडा खिशात टाकला.

मंडळाच्या घरात सगळे आंबवलेल्या कोबीचं गरम सूप ओरपत बसले होते.

"चुकली," मी म्हटलं. "वरून गेली गोळी."

"जागा पाहिलीस?" झोफ्काने विचारलं.

"पाहिली. काही नाही तिथे."

"नीट पाहिलीस?"

"अगं बाई, अध्यक्ष मी आहे की तू?"

खोलीभर हशा पिकला. ती तेवढी माझ्याकडे बघत राहिली.

सकाळी ती ब्रिनाला घेऊन दारात हजर. "फेलिक्स, जागा दाखव."

"काल काय सांगितलं मी?"

"चुकली असेल तर ब्रिनालाही कळेल. अर्ध्या तासाचं काम. बूट घाल."

माझ्या बायकोने बूट आणून माझ्यापुढे आपटले. दोघींपुढे माझं काय चालणार!

ब्रिनाने ते गवत हुंगलं. मग वळली, सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या कोटाच्या खिशाला नाक लावून उभी राहिली. झोफ्काने हात पुढे केला. मी तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. वाटलं, आता ही कानाखाली काढणार. काढली असती तर बरं झालं असतं.

"जबडा," ती म्हणाली. "तोंडाची आग होत असेल त्याच्या. पाण्याकडे जाईल. चल."

आमच्या चुनखडीच्या डोंगरात पाऊस जमिनीत मुरून जातो, पाण्याची डबकी बोटांवर मोजण्याइतकी. एकेक धुंडाळत आम्ही तीन दिवस फिरलो. माग हरवला की झोफ्का मागे, खुणेसाठी झुडपाला बांधलेल्या शेवटच्या लाल फितीपाशी जायची आणि तिथून पुन्हा सुरू करायची. कपाळावर आठी नाही. तिसऱ्या दिवशी ब्रिनाचा पंजा सोलपटला. झोफ्काने स्वतःचा मोजा काढून त्याला बांधला.

"बास झालं गं," मी म्हटलं. "एवढे लांडगे आहेत रानात, ते बघतील."

तेव्हा मात्र ती भडकली. "लांडगा त्याचं काम करेल. गोळी काय लांडग्याने झाडली? आयुष्यभर टोपीत डहाळ्या खोचून मिरवलास, आता पाय दुखले होय रे? गप चल!"

चौथ्या डबक्यापाशी तो उभा होता. पाण्यात तोंड बुडवत होता, पाणी तोंडात राहत नव्हतं. बरगड्या दिसत होत्या. आम्हाला पाहूनही पळाला नाही. या खेपेला मी जवळून गोळी घातली, नीट घातली.

आमच्यात मारलेल्या जनावराच्या तोंडात फरच्या झाडाची डहाळी ठेवतात. शेवटचा घास म्हणतात तिला. चाळीस वर्षं मी तो घास देत आलो आणि प्रत्येक वेळी मला वाटत आलं की मी किती भला शिकारी. टोपी काढली, डहाळी मोडली, गुडघ्यावर बसलो. पण घास ठेवायला खालचं तोंडच नव्हतं. डहाळी हातात धरून मी तसाच बसलो आणि रडलो. हो, रडलो.

झोफ्काने ती डहाळी माझ्या हातातून घेतली. रिवाजाने तिने दुसरी डहाळी माझ्या टोपीत खोचून अभिनंदन करायचं असतं. तसलं काही केलं नाही तिने. होती ती डहाळी ब्रिनाच्या पट्ट्यात खोचली आणि म्हणाली, "मंडळात सांगशील ना?"

सांगितलं. दाताचा तुकडा टेबलावर ठेवला, अध्यक्षपद सोडलं. शिंगं घरी नेली नाहीत.

आता झोफ्काचे गुडघे गेलेत. ब्रिनाच्या मुलीचा पट्टा माझ्या हातात असतो. परवा नव्या अध्यक्षाचा फोन आला, "फेलिक्सकाका, उगाच येऊ नका हं, गोळी चुकलीय."

मी बूट घालतच म्हटलं, "जागा दाखव."