वीणा खाली ठेवायची नाय

धोंडाबाई आमच्या वाडीतली. वाडी पिंपरी पेंढारच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. वय साठीच्या घरात. रोज सकाळी जीपनं नारायणगावच्या बाजारात जायचं, टोमॅटो निवडून क्रेट भरायचे आणि दिवेलागणीला परतायचं. गळा मात्र असा, की भजनात ती म्हणायला लागली की टाळकऱ्यांचे हात आपोआप चालत.

गेल्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून वाडी दुभंगली. मिरवणुकीत दगड आले आणि खालच्या आळीतल्या गोरखच्या भावाचं डोकं फुटलं. केस झाली वरच्या आळीतल्या हनुमंतावर. दगड आपण मारला नाही, असं तो शपथेवर सांगत होता. तेव्हापासून दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद. लग्नाच्या पत्रिकासुद्धा परत जायला लागल्या.

त्यातच सप्ताह आला. सात दिवस देवळात अखंड नाम चालतं. तेवढे दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. दोन-दोन तासांचा पहारा असतो, आणि वीणा देताना देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. नेमकं तेच आता नको होतं. वरच्यांना खालच्यांच्या पाया पडायचं नव्हतं, खालच्यांना वरच्यांच्या.

पहिल्या दिवशी म्हातारे धर्माजी पहाटेपासून वीणा घेऊन उभे होते. सातला त्यांची सुटका व्हायची. नऊ वाजले तरी कोणी येईना. त्यांचे पाय लटपटायला लागले. देवळासमोर जीपची वाट बघत उभ्या असलेल्या धोंडाबाईनं ते पाहिलं. जीप आली, तिनं हातानंच ‘जा’ म्हणून सांगितलं आणि चपला काढून आत गेली.

“द्या अण्णा इकडं.”

“बायांनी कवा वीणा घेतलीया का इथं?” पारावरून कोणीतरी म्हणालं.

“मंग या, तुमी घ्या.”

पारावरचं कोणी उठलं नाही. धोंडाबाईनं धर्माजींच्या पायांवर डोकं ठेवलं, वीणा गळ्यात घातली आणि नाम सुरू केलं. अकरा वाजले. बारा वाजले. दोन्ही आळ्यांतल्या बाया हातातली कामं टाकून आल्या आणि टाळ घेऊन तिच्या मागं उभ्या राहिल्या. तिचा आवाज बसला, पण थांबला नाही.

चार वाजता हनुमंत आला. कोणाकडं न बघता तिच्या पाया पडला आणि वीणा आपल्या गळ्यात घेतली. “मावशी, बसा आता,” म्हणाला.

धोंडाबाई बसली नाही. तशीच गोरखच्या दारात गेली.

“चारपासनं हनुमंत उभा हाय. सहाला तुझा पहारा.”

“त्याच्या हातून? माझ्या भावाला सात टाके पडल्यात, मावशी!”

“मला म्हाईत हाय. तुमचा समेट कराया मी आले न्हाई. केस चालंल, कोर्ट बघंल. पर वीणा खाली ठेवायची नाय. आपल्या बापांनी कवा ठेवली न्हाई.”

 सहा वाजता गोरख देवळात आला, सोबत भावाला घेऊन. सगळी वाडी गोळा झालेली. हनुमंतानं वीणा गोरखच्या गळ्यात घातली. दोघं एकदमच वाकले आणि टाळक्याला टाळकं आपटलं. गोरखचा भाऊ आधी हसला. मग सगळं देऊळ हसलं, आणि पखवाजावर अशी थाप पडली की बाहेरची पोरं धावत आत आली. हनुमंत डोळे पुसत तिथंच खाली बसला.

त्यानंतर पहाऱ्याला माणसं जास्त आणि तास कमी पडायला लागले. सातव्या दिवशी दिंडी निघाली. वीणा कोणी घ्यायची, यावर चर्चासुद्धा झाली नाही. धोंडाबाई पुढं आणि दोन्ही आळ्या मागं. प्रत्येक दारात तिच्या पायांवर पाणी पडलं, कपाळाला बुक्का लागला. दुपारी काल्याची पंगत एकच बसली. भांडण होईल म्हणून बंदोबस्ताला आलेल्या दोन पोलिसांना काम उरलं नाही. तेही टोपी काढून पंगतीत बसले, आणि गोरख अन् हनुमंत त्यांना आग्रह करकरून वाढत राहिले.